वॉल्ट डिस्ने वर्ल्डची मूळ उभारणी (१९६३-१९७१) : एक साधनचिकित्सक अभ्यास

सारांश

मनोरंजन उद्यान हा आधुनिक जगातील एक मोठा सामाजिक व आर्थिक आविष्कार आहे. तथापि त्याच्या उभारणीचा इतिहास बहुधा प्रसिद्धीपत्रके आणि आठवणी यांच्याच आधारे सांगितला जातो. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात १ ऑक्टोबर १९७१ रोजी खुले झालेले वॉल्ट डिस्ने वर्ल्ड हे त्याचे ठळक उदाहरण होय. या प्रकल्पाची मूळ उभारणी कशी झाली, हे खरेदीखते, राज्याचा कायदा, न्यायालयीन निर्णय, वृत्तपत्रे आणि हवाई छायाचित्रे या साधनांच्या आधारे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत शोधनिबंधात केला आहे. उद्यानाची खरी पायाभरणी किल्ल्याच्या बांधकामाने झाली नसून जमीन, कायदा आणि पाणी या तीन गोष्टींवरील नियंत्रणाने झाली, असे या अभ्यासातून दिसून येते.

बीजसंज्ञा : मनोरंजन उद्यान, साधनचिकित्सा, भूसंपादन, रीडी क्रीक, सार्वजनिक अधिकार, कामगार.

प्रस्तावना

इतिहासाचा अभ्यासक किल्ले, मंदिरे, धरणे व रेल्वेमार्ग यांच्या बांधकामाचा अभ्यास करतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निर्माण झालेली विशाल मनोरंजन उद्याने मात्र त्याच्या नजरेतून बरीचशी निसटली आहेत. करमणुकीची जागा म्हणजे गंभीर अभ्यासाचा विषय नव्हे, अशी समजूत त्यामागे असावी. ही समजूत तपासून पाहणे आवश्यक आहे. ज्या प्रकल्पासाठी सुमारे २७,४०० एकर जमीन एका कंपनीच्या ताब्यात आली, ज्याच्यासाठी राज्याच्या विधिमंडळाने स्वतंत्र कायदा केला आणि ज्याच्या पहिल्या टप्प्यावर सुमारे ४० कोटी डॉलर खर्च झाले, तो प्रकल्प भूमी, राज्यसत्ता आणि श्रम यांच्या इतिहासाचा भाग ठरतो.

या विषयाची अडचण साधनांच्या अभावाची नाही. एकाच प्रकारच्या साधनांच्या विपुलतेची आहे. प्रत्येक मोठ्या वास्तूभोवती एक उत्पत्तिकथा तयार होते. डिस्ने वर्ल्डची उत्पत्तिकथा थोडक्यात अशी सांगितली जाते : एका द्रष्ट्या माणसाने विमानातून ओसाड दलदल पाहिली, तेथे स्वप्ननगरी वसविण्याचा संकल्प केला आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या भावाने तो पूर्ण केला. ही कथा असत्य नाही, पण अपुरी आहे. आणि जे तिच्यात येत नाही तेच इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. प्रकल्पाच्या स्थळनिवडीची व भूसंपादनाची प्रक्रिया समजून घेणे.
२. उभारणीसाठी मिळविलेल्या कायदेशीर अधिकारांचे स्वरूप व परिणाम तपासणे.
३. प्रत्यक्ष बांधकामातील जलव्यवस्थापन, तंत्र व कामगार यांचे स्थान स्पष्ट करणे.
४. प्रचलित आख्यायिका व उपलब्ध पुरावे यांची तुलना करणे.

संशोधन पद्धती व साधने

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. लेखकाने उद्यानास प्रत्यक्ष भेट दिलेली नाही; विवेचन प्रकाशित व संगणकीय स्वरूपात उपलब्ध असलेल्या साहित्यावर आधारलेले आहे. या विषयाची साधने स्थूलमानाने दोन गटांत विभागता येतात. पहिला गट कंपनीने स्वतः जतन केलेल्या साहित्याचा होय. डिस्ने कंपनीने १९७० मध्ये, म्हणजे फ्लॉरिडातील उद्यान खुले होण्यापूर्वीच, स्वतःचे अभिलेखागार स्थापन केले. ते समृद्ध आहे. परंतु खाजगी अभिलेखागारात कोणाला प्रवेश द्यावयाचा आणि कोणती कागदपत्रे दाखवावयाची हे मालकच ठरवितो. दुसरा गट सार्वजनिक नोंदींचा होय. ऑरेंज व ऑसिओला या दोन काउंटींच्या निबंधक कार्यालयांतील खरेदीखते, १९६७ चा कायदा, १९६८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय, तत्कालीन वृत्तपत्रे आणि शासकीय हवाई छायाचित्रे यांचा त्यात समावेश होतो. रिचर्ड फोगलसाँग यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'मॅरिड टू द माउस' या ग्रंथात दोन्ही गटांतील साधनांचा उपयोग केलेला असल्याने तो या विषयावरील महत्त्वाचा ग्रंथ मानला जातो.

विषय विवेचन

१) स्थळनिवड व भूसंपादन

कॅलिफोर्नियातील ॲनहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड सुरू झाले. सुमारे १६० एकर जागेवर, जेमतेम एका वर्षात आणि सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर खर्चून ते उभे राहिले. त्याला अपूर्व यश मिळाले, परंतु त्या यशाचा मोठा वाटा उद्यानाभोवती झपाट्याने उभ्या राहिलेल्या हॉटेलांनी व दुकानांनी उचलला. सभोवतालची जमीन आपल्या हाती नाही, ही उणीव वॉल्ट डिस्ने यांना सतत जाणवत राहिली. शिवाय मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडून तेथे येणारे प्रेक्षक फारच थोडे होते. पूर्वेकडील दुसऱ्या उद्यानाच्या विचाराला ही पार्श्वभूमी आहे. न्यूयॉर्क येथील १९६४-६५ च्या जागतिक प्रदर्शनात डिस्ने यांच्या चार दालनांना मिळालेल्या प्रतिसादाने पूर्वेकडील प्रेक्षकांची रुची स्पष्ट झाली.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी वॉल्ट डिस्ने यांनी मध्य फ्लॉरिडाची विमानातून पाहणी केली. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. आंतरराज्य महामार्ग क्रमांक ४ आणि फ्लॉरिडाचा टर्नपाइक यांचा संगम ऑर्लँडोजवळ होत होता, जमीन स्वस्त होती आणि समुद्रकिनाऱ्याची स्पर्धा नव्हती. वरून दिसलेल्या दृश्यापेक्षा या तीन कारणांचे वजन अधिक होते. आर्थिक सर्वेक्षणांच्या अहवालांनी हा प्रदेश आधीच विचारार्थ पुढे आणला होता.

१९६४ पासून जमीन खरेदी सुरू झाली. खरेदीदार म्हणून डिस्नेचे नाव कोठेही नव्हते. लॅटिन-अमेरिकन डेव्हलपमेंट अँड मॅनेजमेंट कॉर्पोरेशन, टोमाहॉक प्रॉपर्टीज, रीडी क्रीक रँच, बे लेक प्रॉपर्टीज, आयफोर कॉर्पोरेशन अशा नावांच्या कंपन्या त्यासाठी स्थापन करण्यात आल्या. आपल्याकडील परिभाषेत सांगावयाचे तर हे व्यवहार बेनामी स्वरूपाचे होते. 'आयफोर' हे नाव महामार्गाच्या 'आय-४' या संक्षेपावरून घेतले होते. कंपनीचे वकील रॉबर्ट फॉस्टर त्या भागात 'बॉब प्राइस' या नावाने वावरत. मियामीचे वकील पॉल हेलिवेल यांच्यामार्फत व्यवहारांची सूत्रे हलत होती.

'ओसाड दलदल' ही कल्पना येथेच तपासून पाहता येते. खरेदीखतांवरून असे दिसते की या जमिनीला मालक होते, आणि ते विविध प्रकारचे होते. डेमेट्री बंधूंकडून सुमारे १२,४०० एकरांचा सर्वांत मोठा सलग पट्टा मिळाला. गुरांच्या व्यवसायातील नामांकित गृहस्थ व राज्य सिनेटचे सदस्य अर्लो ब्रॉन्सन यांनी आठ हजारांहून अधिक एकर कुरणाची जमीन विकली. याउलट काही क्षेत्र विसाव्या शतकाच्या प्रारंभी टपालाद्वारे लहान लहान तुकड्यांत विकले गेले होते. त्याचे मालक देशभर विखुरलेले होते, आणि त्यांपैकी अनेकांनी ती जमीन कधी पाहिलीही नव्हती. त्यांचा शोध घेऊन एकेक तुकडा मिळविणे हे मोठ्या मालकांशी बोलणी करण्यापेक्षा अधिक चिकाटीचे काम होते. जमिनीखालील खनिजांचे हक्क टफ्ट्स विद्यापीठाकडे होते. उद्यानाच्या मध्यभागी कोणी खाणकामाचा हक्क सांगू नये म्हणून तेही १५,००० डॉलर देऊन विकत घ्यावे लागले.

मे १९६५ मध्ये मोठी खरेदीखते नोंदविली गेली तेव्हा स्थानिक वृत्तपत्रांत 'गूढ उद्योगा'ची चर्चा सुरू झाली. फोर्ड, बोइंग, मॅक्डोनेल अशा कंपन्यांची नावे घेतली जात होती. 'ऑर्लँडो सेंटिनल'च्या पत्रकार एमिली बावर यांनी ऑक्टोबर १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात वॉल्ट डिस्ने यांना थेट प्रश्न विचारला. त्यांच्या उत्तरातील गोंधळ आणि फ्लॉरिडाविषयीची बारीक माहिती यांवरून बावर यांनी अचूक अनुमान काढले. २४ ऑक्टोबर १९६५ रोजी ते ठळक मथळ्याने प्रसिद्ध झाले, आणि १५ नोव्हेंबर रोजी ऑर्लँडो येथे गव्हर्नर हेडन बर्न्स यांच्या उपस्थितीत अधिकृत पत्रकार परिषद झाली. तोपर्यंत सुमारे ५० लाख डॉलरमध्ये, म्हणजे सरासरी एकरी २०० डॉलरहून कमी दराने, बहुतेक सर्व जमीन हाती आली होती. बातमी फुटताच भोवतालच्या जमिनीचे भाव अनेक पटींनी वाढले. गुप्ततेचे आर्थिक मूल्य यावरून ध्यानात येते. विक्रेत्यांनी व्यवहार स्वेच्छेने केले हे खरे. परंतु आपण कोणाला आणि कशासाठी जमीन विकत आहोत हे त्यांना माहीत नव्हते, हेही तितकेच खरे.

२) कायदा : खाजगी प्रकल्पाला सार्वजनिक अधिकार

जमीन मिळाली तरी दोन काउंटींचे नियम, बांधकाम परवाने व कर यांचा प्रश्न शिल्लक होता. मे १९६६ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने प्रथम रीडी क्रीक निचरा जिल्हा स्थापन झाला. १५ डिसेंबर १९६६ रोजी वॉल्ट डिस्ने यांचे निधन झाले. त्याच्या काही आठवडे आधी त्यांनी 'एपकॉट' म्हणजे उद्याच्या आदर्श प्रायोगिक नगरीविषयी एक चित्रपट ध्वनिचित्रमुद्रित केला होता. हजारो रहिवासी, सार्वजनिक वाहतूक आणि नव्या तंत्राची सतत चाचणी असे त्या नगरीचे चित्र त्यात रंगविले होते. २ फेब्रुवारी १९६७ रोजी फ्लॉरिडाच्या लोकप्रतिनिधींना व मान्यवरांना तो दाखविण्यात आला. त्याच वर्षी १२ मे रोजी गव्हर्नर क्लॉड कर्क यांनी रीडी क्रीक सुधारणा जिल्ह्याच्या कायद्यावर स्वाक्षरी केली.

या कायद्याने जिल्ह्याला रस्ते, पाणीपुरवठा, निचरा, अग्निशमन, वीज, भूवापर नियोजन आणि स्वतःची बांधकाम नियमावली यांचे अधिकार दिले. विमानतळ व अणुवीज केंद्र उभारण्याची मुभाही त्यात होती. जिल्ह्याचे पाच सदस्यांचे मंडळ जमीनमालकांच्या मतांनी निवडले जाणार होते आणि मतांचे प्रमाण एकराला एक मत असे होते. बहुतांश जमीन एकाच कंपनीची असल्याने निवडणुकीचा निकाल सांगण्याची गरज नव्हती. सोबत दोन नगरपालिकाही निर्माण झाल्या. त्यांची लोकसंख्या पुढे कायम मूठभरच राहिली.

जिल्ह्याने निचऱ्याच्या कामासाठी कर्जरोखे काढण्याचे ठरविले तेव्हा प्रश्न उभा राहिला की हा सार्वजनिक अधिकाराचा खाजगी लाभासाठी वापर नव्हे काय? २७ नोव्हेंबर १९६८ रोजी फ्लॉरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने रोखे वैध ठरविले. प्रकल्पामुळे राज्यातील पर्यटन व जनतेचे हित साधेल, खाजगी कंपनीला होणारा लाभ आनुषंगिक आहे, असा या निर्णयाचा आशय होता. उद्यानाच्या उभारणीतील अत्यंत निर्णायक अशा दस्तऐवजांमध्ये या निर्णयाची गणना करावी लागेल.

३) पाणी व भूमी

मध्य फ्लॉरिडात भूजलाची पातळी जमिनीच्या अगदी जवळ असते. त्यामुळे पहिले मोठे बांधकाम निचऱ्याचे झाले. त्याची जबाबदारी निवृत्त मेजर जनरल विल्यम उर्फ 'जो' पॉटर यांच्याकडे होती. लष्करी अभियंता म्हणून काम केलेले पॉटर पूर्वी पनामा कालवा क्षेत्राचे गव्हर्नर होते. त्यांच्या देखरेखीखाली पन्नासहून अधिक मैल लांबीचे कालवे व बांध तयार झाले. कालवे मुद्दाम वळणावळणांचे ठेवले, जेणेकरून ते नैसर्गिक ओढ्यांसारखे दिसावेत. पाण्याची पातळी वाढताच तरंगत्या भागामुळे आपोआप उघडणारी आणि ओसरताच मिटणारी दारे त्यांवर बसविली. त्यांना वीज लागत नसे. सुमारे ७,५०० एकर क्षेत्र राखीव ठेवण्यात आले. ते पर्यावरणीय दृष्टीने उपयुक्त होते आणि पुराचे पाणी सामावून घेण्यासाठीही आवश्यक होते.

बे लेक या नैसर्गिक तलावाचे पाणी उपसून त्याच्या तळाचा गाळ काढला असता खाली पांढरी वाळू आढळली; तीच किनाऱ्यांसाठी वापरली गेली. त्याच्या शेजारी सेव्हन सीज लगून हा कृत्रिम तलाव खोदला. या खोदकामातून निघालेली सुमारे ७० लाख घनयार्ड माती मॅजिक किंगडम या मुख्य उद्यानाच्या जागेवर भराव म्हणून घातली गेली. फ्लॉरिडा विद्यापीठाच्या ग्रंथालयाने १९३० च्या दशकापासूनची हवाई छायाचित्रे संगणकीय स्वरूपात उपलब्ध करून दिली आहेत. अशा छायाचित्रांची कालानुक्रमे तुलना केल्यास भूमीतील बदलाची कहाणी कोणत्याही आठवणीपेक्षा स्पष्टपणे वाचता येते.

उद्यानाखाली 'भुयारे' आहेत, अशी दुसरी प्रसिद्ध आख्यायिका आहे. वस्तुतः पाण्याच्या पातळीमुळे खोल खोदणे शक्यच नव्हते. सुमारे नऊ एकरांचे सेवामार्ग आधी जवळजवळ मूळ जमिनीच्या पातळीवर बांधले गेले आणि तलावातील मातीचा भराव त्यांच्याभोवती टाकण्यात आला. प्रेक्षक ज्या रस्त्यावरून चालतो तो एका अर्थाने दुसरा मजला आहे. कर्मचाऱ्यांची ये-जा, मालाची वाहतूक, विजेच्या तारा आणि हवेच्या दाबाने कचरा वाहून नेणारी स्वीडिश यंत्रणा या मार्गांत सामावलेली आहे. डिस्नेलँडच्या भविष्यविभागातून सीमाप्रदेशीय वेशातील कर्मचारी जाताना पाहून वॉल्ट डिस्ने अस्वस्थ झाले आणि त्यातून ही कल्पना निघाली, असे सांगतात. ते खरे असले तरी अशा मार्गांचा आकार ठरविला तो भूजलाने.

४) वास्तू, तंत्र व कामगार

भूमीच्या तयारीनंतर १९६९ पासून इमारतींच्या कामाने वेग घेतला. निवृत्त रिअर ॲडमिरल जो फाउलर यांच्याकडे, डिस्नेलँडप्रमाणेच येथेही, बांधकामाची प्रमुख जबाबदारी होती. १८९ फूट उंचीच्या सिंड्रेला किल्ल्यात वीट नाही. काँक्रीट व पोलाद यांच्या सांगाड्यावर फायबर ग्लासचा वेश चढविलेला आहे. काँटेम्पररी व पॉलिनेशियन या हॉटेलांच्या खोल्या यू. एस. स्टील या कंपनीने जवळच्या कारखान्यात तयार केल्या. काँटेम्पररीच्या मनोऱ्यात त्या क्रेनने उचलून खणाप्रमाणे सांगाड्यात सरकविण्यात आल्या. दुरुस्तीसाठी या खोल्या पुन्हा ओढून बाहेर काढता येतात, अशी कथा दीर्घकाळ प्रचलित होती. एकदा बसविलेली खोली प्रत्यक्षात कधीही बाहेर काढली गेली नाही.

या सर्व वर्णनांत एक गट फारच क्वचित दिसतो, तो म्हणजे कामगारांचा. ऐन भरात असताना आठ-नऊ हजार माणसे या जागेवर राबत होती. बाहेरच्या ठेकेदाराच्या कामावर समाधान न झाल्याने कंपनीने स्वतःचीच बांधकाम कंपनी स्थापन केली. कामात खंड पडू नये म्हणून बांधकाम कामगार संघटनांशी संप टाळणारा करार करण्यात आला. १ ऑक्टोबर १९७१ ही तारीख पाळण्यासाठी अखेरच्या महिन्यांत रात्रंदिवस काम चालले. अभियंते व व्यवस्थापक यांच्या आठवणी मुलाखतींच्या रूपाने जतन झाल्या. ज्यांनी भराव घातला, काँक्रीट ओतले, हिरवळ अंथरली त्यांची नावे बहुतांशी वेतनपटांपुरतीच राहिली. मौखिक इतिहासाची पद्धती येथे विशेष उपयुक्त ठरली असती. आता त्या पिढीतील फार थोडे लोक उरले आहेत.

५) वचन आणि त्याचे परिणाम

उद्घाटनाच्या दिवशी सुमारे दहा हजार प्रेक्षक आले. २५ ऑक्टोबर १९७१ रोजी रॉय डिस्ने यांनी हे स्थळ आपल्या भावाच्या नावाने अर्पण केले, आणि त्याच वर्षी २० डिसेंबरला त्यांचेही निधन झाले. ऑरेंज काउंटीची लोकसंख्या १९७० मध्ये सुमारे ३ लाख ४४ हजार होती. १९८० मध्ये ती सुमारे ४ लाख ७१ हजार झाली. या वाढीचे श्रेय वा दोष एकट्या उद्यानाला देता येणार नाही, तरी रस्ते, घरे व पाणी यांवरील ताण स्थानिक शासनालाच सोसावा लागला.

ज्या नगरीच्या चित्रणाने लोकप्रतिनिधी प्रभावित झाले होते, ती कधीच वसली नाही. १ ऑक्टोबर १९८२ रोजी 'एपकॉट सेंटर' या नावाने जे खुले झाले, तेही उद्यानच होते. रहिवाशांच्या नगरीसाठी मागितलेले अधिकार मात्र रहिवाशांविना कायम राहिले. ही व्यवस्था जवळजवळ ५६ वर्षे टिकली. राज्य सरकार आणि कंपनी यांच्यातील राजकीय संघर्षानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये तिच्यात मूलगामी बदल झाला. जिल्ह्याचे नाव बदलून 'सेंट्रल फ्लॉरिडा टुरिझम ओव्हरसाइट डिस्ट्रिक्ट' झाले आणि मंडळ नेमण्याचा अधिकार गव्हर्नरांकडे गेला. त्यावरील राज्य न्यायालयातील खटले मार्च २०२४ मध्ये तडजोडीने मिटले. हा बदलही लोकांच्या मताधिकाराने झालेला नाही, हे नमूद केले पाहिजे.

साधनांविषयी एक निरीक्षण

या अभ्यासात एक विसंगती प्रकर्षाने जाणवली. कंपनीला शासनाचे अधिकार हवे होते म्हणून तिने सार्वजनिक जिल्ह्याचे स्वरूप स्वीकारले. परंतु सार्वजनिक संस्थेला फ्लॉरिडाचे माहिती खुली ठेवण्याचे कायदे लागू होतात. परिणामी जिल्ह्याच्या सभांची इतिवृत्ते, कर्जरोख्यांची कागदपत्रे, बांधकाम परवाने हे सारे नागरिकांना मागता येण्याजोगे झाले. खाजगी भूखंडावर खाजगी परवान्याने हे उद्यान उभे राहिले असते तर संशोधकाला कंपनीच्या कृपेवरच अवलंबून राहावे लागले असते. ज्या रचनेने लोकांचे नियंत्रण दूर ठेवले, त्याच रचनेने लोकांसाठी पुरावाही मागे ठेवला. आपल्याकडे माहितीचा अधिकार २००५ च्या कायद्याने विस्तारल्यानंतर अर्वाचीन प्रकल्पांचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्या अभ्यासकांनी या बाबीकडे लक्ष देणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष

१. डिस्ने वर्ल्डची स्थळनिवड एका दृष्टिक्षेपात झालेली नसून महामार्ग, जमिनीचा दर व बाजारपेठ यांच्या हिशेबातून झाली.
२. 'ओसाड दलदल' ही प्रतिमा खरेदीखतांच्या कसोटीवर टिकत नाही; तेथे कुरणे होती, मालक होते आणि गुंतागुंतीचे हक्क होते.
३. १९६७ चा कायदा व १९६८ चा न्यायनिर्णय हे बांधकामाचेच घटक होत. त्यांच्याशिवाय कालवे व रस्ते त्या गतीने झाले नसते.
४. उद्यानाच्या रचनेतील अनेक 'कल्पक' गोष्टी भूजलाच्या मर्यादेतून आकारास आल्या.
५. नगरीच्या वचनावर मिळालेले सार्वजनिक अधिकार नगरी न वसताही टिकून राहिले. त्यामुळे अशा प्रकल्पांचा इतिहास लिहिताना काय बांधले गेले यासोबतच काय बांधण्याचे कबूल केले होते, याचीही नोंद आवश्यक ठरते.
६. कामगारांच्या अनुभवांची पोकळी कागदपत्रांनी भरून निघत नाही. मोठे प्रकल्प चालू असतानाच त्यांवरील श्रमिकांच्या मुलाखती नोंदविणे हे महाविद्यालयीन इतिहास विभागांनाही सहज करता येण्याजोगे काम आहे, आणि ते वेळेत व्हावयास हवे.